घोड्यांची पहिली चढाई

संगणकावरील लढाईच्या खेळांत 'रश' नावाचा एक प्रकार आहे. मराठीत त्याला काय म्हणावे याचा आम्ही बराच विचार केला. 'हल्ला' म्हणावे तर तो केव्हाही होऊ शकतो. 'छापा' म्हणावे तर त्यात रात्र आणि गुप्तता येते. मुले 'गनिमी कावा' म्हणतात, पण त्या थोर शब्दामागे डोंगर आहेत, किल्ले आहेत, वर्षानुवर्षांची जिद्द आहे. दहा-बारा मिनिटांच्या धांदलीला तो शोभत नाही. शेवटी कबड्डीच्या मैदानावरील 'चढाई' हाच शब्द आम्हांस जवळचा वाटला. प्रतिपक्षाची साखळी अजून नीट धरली गेली नाही तोच दम घेऊन त्याच्या अंगणात शिरावयाचे, कोणास तरी शिवावयाचे आणि बाद न होता मध्यरेषेकडे परतावयाचे. या लेखाचा विषय ती चढाई आहे, आणि ती करणारे वेगवान, हलके, स्वस्त घोडेस्वार आहेत.

ज्या वाचकांनी आपल्या मुलानातवंडांच्या पाठीमागे उभे राहून हे खेळ कधी पाहिले नसतील त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. बुद्धिबळात एकाची खेळी झाली की दुसऱ्यास विचार करावयास अवधी मिळतो. येथे दोघांचेही हात एकाच वेळी चालू असतात, आणि विचार करीत बसणाऱ्यासाठी घड्याळ थांबत नाही. शिवाय बुद्धिबळात सैन्य आयते मिळते; येथे ते कमवावे लागते. आरंभी हाती असतात ती मोजकी माणसे. त्यांनी लाकूड तोडावे, अन्न गोळा करावे, घरे बांधावीत, आणि त्या मिळकतीतून पुढे भाले-तलवारी घडाव्यात. म्हणजे लढाईचा खेळ म्हणून जो ओळखला जातो तो पहिला बराच वेळ संसाराचा खेळ असतो. चढाई करणारा नेमका तो संसार मांडला जात असतानाच दारात येऊन उभा राहतो.

आमच्या घरात जो खेळ वीस वर्षांहून अधिक काळ नांदतो आहे तो 'एज ऑफ एम्पायर्स'चा दुसरा भाग. एन्सेम्बल स्टुडिओज या अमेरिकन संस्थेने तो रचला आणि मायक्रोसॉफ्टने १९९९ साली प्रसिद्ध केला. ती संस्था २००९ साली बंद पडली, खेळ मात्र जगला, आणि २०१९ च्या नोव्हेंबरात त्याची नवी आवृत्ती निघाली. आम्ही स्वतः तो खेळत नाही. आयुष्यभर शाळेत गणित शिकविल्यामुळे हिशेब मांडण्याची खोड मात्र सुटलेली नाही, आणि दोघा चिरंजिवांच्या डावांची एक वही आमच्यापाशी आहे. पुढील आकडे त्या वहीतले.

आरंभी प्रत्येकाजवळ एक नगरकेंद्र, तीन गावकरी आणि एक टेहळणीचा घोडेस्वार असतो. एक नवा गावकरी म्हणजे ५० अन्न आणि २५ सेकंद. वीस गावकरी हवेत तर आणखी सतरा घडावे लागतात. सतरा गुणिले पंचवीस म्हणजे ४२५ सेकंद, सात मिनिटे पाच सेकंद. यात एक क्षणही वाया गेला नाही असे धरले आहे. प्रत्यक्षात तो नेहमी जातो. मग ५०० अन्न भरून पहिल्या युगातून दुसऱ्यात जावयाचे. त्या संक्रमणास १३० सेकंद लागतात आणि तेवढ्या काळात नगरकेंद्रातून नवा माणूस निघत नाही. त्यानंतर १७५ लाकूड देऊन पागा उभारावयाची, तेव्हा कोठे चढाईचा पहिला घोडा बाहेर पडतो. खेळाच्या घड्याळात ही वेळ अकराव्या-बाराव्या मिनिटाच्या आसपास येते. (ते घड्याळ आमच्या भिंतीवरच्या घड्याळापेक्षा बरेच भरधाव चालते, हेही सांगितले पाहिजे.)

आरंभीचा जो एकटा घोडेस्वार, त्याचे काम खरे तर पाहून येण्याचे. मैदान अंधारात बुडालेले असते. जेथे जेथे घोडा जातो तेथे तेथे उजेड पडतो. परंतु हा पहारेकरी प्रसंगी चोरही होतो. खेळातील मेंढ्या ज्याच्या दृष्टीस पडतील त्याच्या होतात, आणि शेजाऱ्याच्या अंगणातून दोन मेंढ्या हाकलून आणणे ही चढाईची पहिली पायरी समजली जाते. त्याहून धाडसी खेळाडू प्रतिपक्षाचे रानडुक्कर आपल्या घोड्यामागे लावून घरी आणतात. एका डुकरात ३४० अन्न असते. म्हणजे जवळजवळ सात गावकऱ्यांचे मोल. धाकट्या चिरंजिवांना ही कला लवकर साधली. थोरल्याला ती शेवटपर्यंत आवडली नाही. "पप्पा, ही लढाई नव्हे, ही भुरटेगिरी आहे," असे तो आम्हांस सांगत असे, आणि सांगताना आपल्या मेंढ्या मोजत असे.

आता चढाईचा जमाखर्च पाहू. एका घोडेस्वारास ८० अन्न लागते. पाच स्वारांचे ४०० झाले. तेवढ्यात आठ गावकरी आले असते. म्हणजे चढाई करणारा आपल्या घरचे आठ कामकरी कमी करून, वर पागेचे लाकूड खर्चून, हे पाच जीव दुसऱ्याच्या दारी पाठवितो. ते काहीही न करता परतले तर तो तेवढ्याने मागे पडलाच. आणि समोरच्याकडे उतारा स्वस्त आहे: भालाईत ३५ अन्न व २५ लाकडात मिळतो, आणि कोणतीही सुधारणा न केलेला घोडेस्वार त्याच्या तीन घावांत पडतो. मग हा आतबट्ट्याचा व्यवहार कोणी करावा कशाला?

याचे उत्तर घोड्याच्या पायांत आहे. दुसऱ्या युगात शिरताच स्वाराचा वेग वाढतो आणि तो गावकऱ्याच्या जवळजवळ दुपटीने धावतो. भालाईत त्याला मारू शकतो, पण गाठू शकत नाही. स्वार लाकूडतोड्यांकडे येतो, भालाईत तिकडे धावतात. तोवर स्वार बोरे वेचणाऱ्यांकडे पोहोचलेला असतो. पाच ठिकाणी पसरलेला संसार दोन भालाइतांनी कसा राखावा? अशा वेळी खेळात एक घंटा असते. ती वाजविली की सर्व गावकरी हातातील काम टाकून आडोशाला पळतात. नगरकेंद्रात पंधरा जण मावतात आणि तेथून बाण सुटू लागतात. गाव वाचते. परंतु हिशेब मांडा: पंधरा माणसे तीस सेकंद आत बसली तर ४५० सेकंदांचे काम बुडाले. तेवढ्या वेळात दीडशेच्या आसपास अन्न किंवा लाकूड जमा झाले असते. एकही माणूस मेला नाही आणि तीन गावकऱ्यांची किंमत गेली. घोडे नुसते भोवती फिरत होते.

चढाई मारण्यासाठी कमी आणि मोडण्यासाठी जास्त असते, हे आमच्या ध्यानी यावयास बराच काळ लागला. जे मोडते ते काम, आणि त्याहून अधिक लक्ष. घंटेच्या आवाजाने दचकलेला खेळाडू घोड्यांच्या मागे पडद्यावर धावत सुटतो. इकडे नगरकेंद्र रिकामे राहते, घर बांधावयाचे राहून जाते, डुक्कर मारलेले तसेच कुजते. अर्थात चढाई करणाऱ्याचेही लक्ष एकच असते. घोडे नाचविण्यात रंगलेल्या धाकट्याच्या स्वतःच्या गावात चार माणसे हात बांधून उभी आहेत, हे दृश्य आम्ही कितीदा पाहिले असेल! कसलेले खेळाडू घोड्यांकडे क्षणभर पाहतात, घराकडे दोन क्षण, पुन्हा घोड्यांकडे. ही नजरेची ये-जा हातांना शिकवावी लागते, आणि ती शिकलेल्याची चढाई भयंकर असते.

बचावाचा एक लहानसा उपाय आम्हांस विशेष आवडतो. खेळात 'लूम' म्हणजे हातमाग नावाची एक सुधारणा आहे. ५० सोने आणि २५ सेकंद. ती नसेल तर गावकरी स्वाराच्या पाच घावांत मरतो. ती केली तर दहा घाव लागतात. म्हणजे ज्याला आपण कापड विणण्याचे साधन म्हणतो त्याने येथे माणसाचे आयुष्य दुप्पट होते. तरी ते पंचवीस सेकंद वाचविण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही, कारण तेवढ्यात एक गावकरी आला असता.

आणि ओघात आले म्हणून सांगतो: याच खेळात पुढील युगात मठवासी येतात व मंत्र म्हणून शत्रूच्या सैनिकास आपल्या बाजूस वळवितात. खेळ रचणाऱ्यांनी या घोडेस्वारांना मात्र त्या मंत्राला सहजासहजी न बधणारे केले आहे. आमच्या धर्मग्रामातील एका तरुण धर्मगुरूंना आम्ही हे सांगितले तेव्हा ते मनापासून हसले.

आता घरातील वादाकडे वळावयास हवे. २००४ च्या नाताळच्या सुट्टीत चुलत्यांचा संगणक आमच्या ओटीवर आला, आमच्याशी तारेने जोडला गेला, आणि दोघे भाऊ प्रथमच एकमेकांविरुद्ध खेळू लागले. थोरल्याने नियम घातला: पहिली वीस मिनिटे कोणी कोणावर चालून जावयाचे नाही. असा करार त्या काळी पोराटोरांत सर्रास होत असे; पुढे काही खेळांत तशी तहाची सोयच ठेवण्यात आली. वीस मिनिटे थोरला मन लावून गाव वसवी. त्याची शेते रांगेत, घरे ओळीत. आणि एकविसाव्या मिनिटास जे सैन्य त्याच्याकडे उभे असे त्यापुढे धाकट्याचे काही चालत नसे. असे तीन दिवस झाले. चौथ्या दिवशी बाराव्या मिनिटाला धाकट्याचे पाच घोडे थोरल्याच्या लाकूडतोड्यांत शिरले. थोरल्याने उठून संगणकाची वायरच काढली, आणि दोन दिवस भावाशी बोलला नाही.

फिर्याद आमच्यापुढे आली. थोरल्याचे म्हणणे सरळ होते: शब्द दिला होता, तो मोडला. धाकट्याचे म्हणणे असे की हा तह ज्याचा बांधण्यात हात बसलेला त्याच्याच सोयीचा होता. आपल्याला हरण्याखेरीज दुसरे काही त्यात ठेवलेलेच नव्हते. आम्ही दोन भागांत निवाडा दिला. शब्द मोडल्याबद्दल धाकट्याने भावाची क्षमा मागावी. आणि यापुढे तह नको. पहिल्या भागावर धाकटा रुसला, दुसऱ्यावर थोरला. दोघेही रुसले यावरून निवाडा बरा असावा असे आम्हांस तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

तह नको असे आम्ही का म्हणालो ते सांगितले पाहिजे, कारण लवकर चालून जाणे हा खेळाचा अपमान आहे असे मानणारे पुष्कळ आहेत. समजा चढाई अशक्य केली. मग भालाईत कोणी का घडवावा? कुंपण का घालावे? हातमाग का घ्यावा? जो निर्धास्तपणे केवळ गावकरी वाढवील तोच जिंकेल, आणि पहिली वीस मिनिटे दोघेही तेच करीत बसतील. चढाईची नुसती शक्यता असली की प्रत्येकास काही वाटा राखणीवर खर्च करावा लागतो. राखण फार केली तर निर्धास्त वाढणारा पुढे जातो. वाढ फार केली तर चढाईवाला मोडतो. चढाई केली आणि समोर राखण निघाली तर चढाईवाला बुडतो. या तिघांतील एक काढला की उरलेल्या दोघांचा अर्थ जातो.

खेळ रचणाऱ्यांनाही हे ठाऊक असते. 'स्टारक्राफ्ट' हा या जातीचा दुसरा गाजलेला खेळ १९९८ साली ब्लिझर्ड या संस्थेने काढला. त्यात 'झर्ग' नावाची किड्यांसारखी एक जमात आहे आणि 'झर्गलिंग' हे तिचे चपळ, स्वस्त प्राणी. ५० खनिजांत जोडी मिळते. आरंभीच्या चार कामकऱ्यांपलीकडे एकही न वाढविता, सारी पुंजी एका इमारतीत घालून, तीन अळ्यांतून सहा झर्गलिंग काढावयाचे आणि प्रतिपक्षाने सैनिक घडविण्याआधी त्याच्या घरात सोडावयाचे, ही त्यातील टोकाची चढाई. ती फसली तर करणाऱ्याकडे संसार म्हणून काही उरत नाही. २००१ साली कर्त्यांनी त्या इमारतीची किंमत १५० वरून २०० खनिजे केली. चढाई बंद केली नाही. ती काही क्षणांनी उशिरा येईल एवढेच केले. त्याच खेळाच्या दुसऱ्या भागात २०१५ साली आरंभीचे कामकरी सहावरून बारा झाले, तेव्हाही चढाई उरलीच. नव्या आकड्यांनी ती पुन्हा बसविली गेली.

या खेळास दक्षिण कोरियात जी प्रतिष्ठा मिळाली तिची आपल्याकडे कल्पना येणे कठीण. तेथे दूरचित्रवाणीवर त्याच्या स्पर्धा चालत आणि खेळाडूंना चित्रपटनटांसारखे चाहते असत. त्यांपैकी लिम यो-ह्वान आणि हाँग जिन-हो यांचे वैर प्रसिद्ध होते. हाँग झर्ग खेळणारा, आक्रमक. 'वादळ' हे त्याचे बिरुद. १२ नोव्हेंबर २००४ रोजी उपांत्य फेरीत दोघे भेटले. पाच डावांचा सामना. पहिल्या डावात हाँग आपली वस्ती वाढविण्यास निघाला असता लिमने आपले थोडे सैनिक आणि कामकरी घेऊन त्याच्याच दारात मोर्चा बांधला आणि डाव संपविला. दुसऱ्या डावात तेच. तिसऱ्यांदा तेच कोण करील? लिमने तेच केले, आणि सामना तीन-शून्य असा, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपला. दीर्घ लढतीच्या आशेने बसलेले प्रेक्षक चिडले; लिमने खेळाची विटंबना केली इथपर्यंत बोलले गेले. अंतिम सामन्यात लिमला त्याच्याच तालमीत वाढलेल्या चोई यॉन-संगने तीन-दोन असे हरविले.

थोरला या सामन्याची चित्रफीत पाहून वैतागतो. धाकट्याला ती पाठ आहे. आम्हांस त्यात घोड्यांचा वेग नसला तरी चढाईचे मर्म दिसते. लिमकडे काही गुप्त शस्त्र नव्हते. समोरचा माणूस आपण वाढू शकतो असे धरून चालला आहे, हे त्याने तीनदा ओळखले.

परतणे मात्र चढाईत सर्वांत कठीण. कबड्डीत दम संपतो तेव्हा परतावेच लागते. येथे दम संपल्याचे कोणी सांगत नाही. एक गावकरी अर्धमेला झालेला असतो, आणखी दोन घाव बसले की पडेल, आणि तेवढ्यात भालाईत मागून आलेले असतात. त्या एका गावकऱ्यासाठी तीन घोडे गेले की ५० साठी २४० दिले. जाणता खेळाडू अर्धमेल्या गावकऱ्यास सोडून निघून जातो. घोडे जिवंत आहेत तोवर समोरच्यास भालाईत ठेवावेच लागतात, कुंपणे घालावीच लागतात, ही जिवंत घोड्यांची खरी कमाई.

आमच्या वहीतील सर्वांत वाईट डाव २०२२ सालचे आहेत. तोवर थोरला कॅनडात स्थिरावला होता आणि नव्या आवृत्तीमुळे दर शनिवारी रात्री दोघे पुन्हा खेळू लागले होते. त्या वर्षी वाडीच्या एका तुकड्यावरून दोघांचे बिनसले. दूर असलेला म्हणे राखा. येथे राहून शिंपणे-खणणे करणारा म्हणे विका. जवळजवळ आठ महिने फोन नाही. शनिवारचा खेळ मात्र चुकला नाही. या खेळात आकडा दाबला की ठरलेले वाक्य ऐकू येते: १४ म्हणजे 'आता सुरू करा', ११ म्हणजे मोठे हसू. त्या आठ महिन्यांत दोघांमध्ये शब्द म्हणून जे गेले ते एवढेच: आरंभी १४, आणि हरणाऱ्याने शिरस्त्याप्रमाणे लिहिलेले 'जीजी', म्हणजे डाव चांगला झाला. डाव चांगले होत नव्हते. धाकट्याचे घोडे परतत नव्हते. एकेका गावकऱ्यासाठी तो सगळे स्वार भाल्यांवर घालीत असे. थोरला पहिल्या मिनिटापासून कुंपणामागे कुंपण घालीत सुटे आणि गाव वाढवावयाचे विसरे. आम्ही मागे बसून आकडे लिहीत होतो. बोललो नाही; वाडीविषयी बोललो होतो तेवढे पुरे होते.

वाडीचा प्रश्न पुढल्या वर्षी मिटला. कसा, ते येथे सांगण्याचे प्रयोजन नाही.

अलीकडे एक बदल झाला आहे. थोरला मंगोल घेऊन खेळू लागला आहे. त्यांचे शिकारी इतरांपेक्षा चाळीस टक्के जलद अन्न आणतात, त्यामुळे त्यांची पागा लवकर उभी राहते, आणि भुरटेगिरीचा तिरस्कार करणारा हा गृहस्थ आता अकरावे मिनिट उजाडण्याआधी भावाच्या दारात घोडे घेऊन हजर असतो. धाकटा कुंपण घालावयास शिकला आहे. त्यात फटी राहतात. गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी थोरल्याचे पाच घोडे अशाच एका फटीतून आत गेले, बोरे वेचणाऱ्या तिघांना जखमी केले, आणि भालाईत दिसताच पाचही घोडे त्याच फटीतून बाहेर पडले. पडद्यावर ११ चे हसू उमटले. धाकट्याने तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणून फट बुजविली आणि दोन भालाईत जास्तीचे मागविले. डाव पुढे तासभर चालला. आमच्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजले होते. त्यांनी दुसरा मांडला, आणि आम्ही वही मिटून निजावयास गेलो.